केशवरावांचा कचोरीचा नकाशा

माझी नात स्वरा आणि तिच्या तीन मैत्रिणी गेला महिनाभर सिटी सेंटरमधला सगळ्यात चांगला पिझ्झा शोधताहेत. दर दोन दिवसांनी एक नवं दुकान. घरी आली की ती मला सगळं सांगते. कोणाचा पाया कच्चा राहतो, कोणाचं चीज रबरासारखं ताणलं जातं, कोण सॉसमध्ये साखर घालतो. परवा तिने याबद्दल फोनवर काहीतरी लिहिलं आणि मला कौतुकाने वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं की हा शोध आमच्या घराण्यातच आहे, कारण तिच्या आजोबांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या कचोरीच्या दुकानांचा नकाशा काढला होता.

"बरोबर लिहिलं ना, आजोबा? तुम्हीच तर शुरुआत केली ह्या सगळ्याची."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. ती चहा करायला आत गेली. पण आता हे लिहून ठेवलं पाहिजे. तो नकाशा मी काढलेला नाही. तो केशवराव मांडके यांनी काढला. लश्करमधल्या आपल्या मराठी लोकांत तो आजवर माझ्या नावावर चालत आला आहे, आणि त्या खोट्या नावापायी केशवरावांना अकरा वर्षं गाव आणि बायको सोडून भोपाळला राहावं लागलं. मी नव्वदीला टेकलो आहे. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांत आता मी एकटाच उरलो आहे.

आमची नकाशा कचेरी महाराज बाड्याच्या चौकापासून चालत दहा मिनिटांवर होती. संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, तेव्हा पाटी रंगवायला आलेला रंगारी जुन्या अक्षरांवर नुसता एक हात देऊन गेला होता. दुपारच्या उन्हात नव्या अक्षरांच्या मागून जुनी अक्षरं दिसायची. मी तिथे कच्च्या नोकरीवर लागलो, तेव्हा केशवराव पंधरा वर्षं नोकरीत मुरलेले नकाशानवीस होते. उंच, सडपातळ, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. कोटाच्या उजव्या खिशावर तुपाचा एक डाग होता. तो धुऊन फिका झाला की काही दिवसांनी परत गडद व्हायचा.

त्यांचे वडील दरबारच्या देवघरात पुजारी होते. निरांजनाच्या तुपाचा वास केशवरावांच्या नाकात लहानपणीच बसलेला. ते म्हणायचे, "वडिलांनी मला मंत्र शिकवले, ते मी विसरलो. तूप शिकवलं नाही, ते आलं." कढई जिथे असेल तिथे ते थांबायचे, डोळे मिटायचे, आणि पुढे चालू लागायचे. बरोबरचा माणूस दोन पावलं पुढे गेलेला असायचा, तो मागे वळून पाहायचा.

हा नाद चैनीतून आलेला नव्हता. आमच्या मंडळींत तेव्हा बाहेरचं खाण्याचे नियम कडक होते. दक्षिणेतून आपली घराणी इकडे आली आणि इकडच्या लोकांचा नियम आपलासा करून बसली. पाण्यात शिजवलेलं ते कच्चं, ते परक्याच्या हातचं चालायचं नाही. तुपात तळलेलं ते पक्कं, ते चालायचं. म्हणजे हलवायाच्या दुकानातली भाजी वर्ज्य, पण त्याच दुकानातली कचोरी चालते, फक्त ती शुद्ध तुपातली हवी. पुढे बाजारात वनस्पती तूप आलं आणि कोणाच्या कढईत काय आहे ते कळेनासं झालं. मग मुंजीला, डोहाळजेवणाला पाहुण्यांना फराळ मागवायचा झाला की लोक केशवरावांकडे यायचे. "केशवराव, कुठली चालेल?" ते ज्या दुकानाचं नाव घेत, तिथलीच कचोरी यायची.

पारखण्याची त्यांची रीत ठरलेली होती. कचोरी आधी कोरडी खायची. आलूची भाजी आणि चटणी मागून. "चटणी म्हणजे वकील आहे," ते म्हणायचे, "आधी कचोरीची साक्ष होऊ दे." भुकेल्या पोटी पारखायचं नाही, कारण भुकेला माणूस सगळ्यांनाच पास करतो. अर्धी कचोरी कागदात गुंडाळून त्या उजव्या खिशात घालून आणायची आणि कचेरीच्या खिडकीत ठेवायची. ग्वाल्हेरच्या थंडीत तासाभरात ती गार पडे. मग एक तुकडा जिभेवर ठेवून टाळूला दाबायचा. वनस्पती असेल तर टाळूवर मेणासारखा थर बसतो. तूप असेल तर विरघळून जातं. हे सगळं करताना त्यांचा चेहरा एखादी बारीक रेघ ओढताना असायचा तसाच असे.

दुकानात ते कधी वाहवा करत नसत. सराफ्याजवळच्या एका हलवायाच्या ध्यानात आलं की हा उंच माणूस येऊन गेला की आठवड्याभरात मराठी घरांतून मागणी येते. त्याने एकदा कचोऱ्यांबरोबर पानात जिलबीसारख्या चार इमरत्या ठेवल्या आणि म्हणाला, "पंडितजी, आज पैसे रहने दो."

"तो फिर राय भी रहने दो," केशवराव म्हणाले. पैसे ठेवले, इमरत्या तिथेच ठेवल्या आणि बाहेर पडले. त्या दुकानाची पारख त्यांनी तिथेच रद्द केली. हलवायाने ओळखलं म्हणजे तो आपल्याला निवडून देणार, आणि निवडून दिलेल्या कचोरीवरून कढई कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या खेपांना त्यांनी मला पाठवलं. माझा चेहरा कोणाच्या लक्षात राहण्यासारखा नाही, असंही ते सहज बोलून गेले, आणि ते खरंच होतं. अशा रीतीने मी या कामात आलो. माझा वाटा तेवढाच. मी आणायचो, ते पारखायचे.

त्यांच्या हातून एकदा चूक झाली. ती सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

दाल बाजारात एक नवं दुकान निघालं होतं. केशवरावांनी तिथली कचोरी तीन वेळा खाल्ली, तिन्ही वेळा सकाळी, कचेरीला जाताना. तूप अस्सल. त्यांनी नाव दिलं आणि लग्नसराईत आपल्या अकरा घरी तिथून माल गेला. नंतर एका संध्याकाळी ते सहज तिकडून जात होते, आणि कढईच्या वासाने थांबले. तो दुकानदार सकाळी तुपात तळायचा आणि दुपारनंतर त्याच कढईत वनस्पती ओतायचा.

दुसऱ्या कोणी दुकानदाराला चार शिव्या देऊन विषय संपवला असता. केशवरावांनी दोन दिवसांची रजा काढली आणि त्या अकराही घरी पायी जाऊन सांगितलं की माझी चूक झाली, तुमच्याकडे आलेला माल शुद्ध नव्हता. मी बरोबर होतो. काही ठिकाणी लोक हसले. एका घरी सासूबाईंनी आतून ऐकवलं की आता ह्यांच्या भरवशावर कोण राहील. अकरावं घर एका वृद्ध शास्त्रीबुवांचं होतं. आयुष्यभर सोवळं पाळलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"केशवा, आता मला प्रायश्चित्त आलं. तू सांगितलं नसतंस तर मी सुखात होतो रे."

"सुखात होतात, शास्त्रीबुवा," केशवराव म्हणाले, "पण माझ्या शब्दावर होतात."

मग शास्त्रीबुवांनी आत पाहून सांगितलं की केशवला पाट मांडा, तो जेवून जाईल. त्या घरून परत येताना मला वाटलं होतं, आपण ह्या माणसाच्या हाताखाली काम करतो हे लोकांना सांगावं. आजही तसंच वाटतं.

त्या दिवसापासून रीतीत एक कलम वाढलं. दुकान तीनदा पाहायचं, पण एकदा पहिला घाणा, एकदा मधला आणि एकदा दुकान बंद होतानाचा शेवटचा. "पहिल्या घाण्याला सगळेच हुशार असतात," ते म्हणत. "दुकानदाराचा स्वभाव शेवटच्या घाण्यात उतरतो." आणि नुसत्या तोंडी नावांवर भागायचं नाही, तर सगळं कागदावर आणायचं, असंही त्यांनी ठरवलं. कचेरीत नकाशा काढून झाल्यावर कापलेल्या ट्रेसिंग कापडाच्या पट्ट्या उरत. त्या रद्दीत जात. त्यांतल्या मोठ्या पट्ट्या साहेबांना विचारून त्यांनी घेतल्या, एकमेकींना चिकटवल्या आणि दोन हिवाळे कचेरी सुटल्यावर, आम्ही दोघंच असताना, त्यावर काम केलं. बाड्यापासून दाल बाजार, तिथून पडाव भागापर्यंत एकेक गल्ली त्यांनी पावलांनी मोजली. रस्त्यांना कचेरीच्या नियमाने दुहेरी रेघ, नाल्यांना निळी शाई. शुद्ध तुपाच्या दुकानाला भरीव वर्तुळ, वनस्पतीच्या दुकानाला पोकळ, ज्याच्यावर भरवसा नाही त्याला अर्धं. खाली कोपऱ्यात खुणांचा अर्थ दिलेला. गल्ल्यांची नावं मात्र त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतली, कारण माझं अक्षर त्यांना आवडायचं. तेवढी अक्षरं माझी आहेत.

नकाशावर सही नव्हती. आमच्याकडे शेवटची तपासणी झाल्याशिवाय नकाशानवीस सही करत नसे, आणि पडावाजवळच्या एका बेडईवाल्याचा, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या तळणाऱ्याचा, शेवटचा घाणा त्यांनी अजून पाहिलेला नव्हता. म्हणून सहीची जागा कोरी होती, आणि नकाशा अजून कोणाला दाखवलेला नव्हता.

तेवढ्यात राज्यं नव्याने बांधली गेली. मध्यभारत मोडला, मोठा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्यांचं सामान बैलगाड्यांतून स्टेशनवर जाऊ लागलं. लश्करमध्ये घराघरांत एकच बोलणं, कोण राहणार आणि कोण जाणार. आमच्या शाखेतून एक नकाशानवीस शहराच्या नव्या मोजणीसाठी इथे राहणार होता, दुसरा भोपाळला. केशवरावांची बायको, इंदूवहिनी, लश्करच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांची बदली होणारी नोकरी नव्हती. माझं लग्न ठरलेलं होतं, आणि सासऱ्यांनी आधीच सांगितलं होतं की मुलगी लश्करबाहेर देणार नाही. खरं तर कोणी राहायचं यात शंका नव्हती. केशवराव वरिष्ठ होते. मी भोपाळला जायचं, हे मी मनाशी धरूनही टाकलं होतं.

निवड करायला नव्या राज्याचे एक मोठे साहेब आले. आमच्या कोणाच्या ओळखीचे नव्हते. सभ्य माणूस, हिंदी बोलायचे. ते आले तेव्हा केशवराव जुन्या नकाशांच्या पेट्या मोजून द्यायला स्टेशनवर गेले होते. साहेबांनी कपाटं उघडून पाहिली आणि त्यांच्या हाताला तो नकाशा लागला. त्यांनी तो टेबलावर पसरला. बराच वेळ पाहिला. हसले. मग एका गल्लीच्या नावावर बोट ठेवून त्यांनी माझ्या समोरच्या कागदावरचं अक्षर पाहिलं.

"ये आपने बनाया है?"

मी मान खाली घातली. विनयाने खाली गेलेली मान आणि लाजेने खाली गेलेली मान दिसायला सारखीच असते. साहेबांनी ती विनयाची धरली. पुढच्या क्षणी मी नाही म्हणू शकलो असतो. त्याच्या पुढच्या क्षणीही. नकाशा गुंडाळून त्यांच्या हातात देईपर्यंत माझ्यापाशी भरपूर वेळ होता.

तीन दिवसांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. साहेबांनी नकाशा वर धरून सांगितलं की ज्याला शहराची गल्ली न् गल्ली अशी ठाऊक आहे, त्याला शहराच्या मोजणीपासून दूर नेणं बरोबर नाही. त्यांनी माझं नाव घेतलं. केशवराव माझ्या डाव्या हाताला उभे होते. त्यांनी कोटाच्या बाह्या सारख्या केल्या. साहेब सौजन्याने त्यांच्याकडे वळले.

"क्यों मांडकेजी, आप सीनियर हैं. आपकी क्या राय है?"

सगळी खोली त्यांच्याकडे पाहत होती. ते माझ्याकडे पाहतील म्हणून मी जमिनीकडे पाहत राहिलो.

"नक़्शा सही है, साहब," केशवराव म्हणाले. "मैंने ख़ुद जाँचा है."

त्यात खोटं काहीच नव्हतं.

ते गेले त्या दिवशी मी स्टेशनवर गेलो नाही. ताप आल्याचं घरून कळवलं. माझं लग्न झालं, नोकरी पक्की झाली. नकाशाच्या नकला निघाल्या. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात तो माझ्या नावाने छापला, आणि लोक मुंजीच्या आधी मला विचारायला येऊ लागले. मी सांगायचो. आजवर त्यातलं एक नाव खोटं ठरलेलं नाही. ते श्रेय कोणाचं, ते वर लिहिलंच आहे.

केशवरावांचं दर आठवड्याला पत्र यायचं, त्यातला काही भाग इंदूवहिनी मला वाचून दाखवायच्या. जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि त्यांनी भोपाळमध्ये पोह्यांची दोन दुकानं शोधली होती. चौथ्या महिन्यात तिथल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना विचारून खाऊ लागले. एका पत्रात लिहिलं होतं की इथली कचोरी वाईट नाही, पण हवेत गारठा कमी, त्यामुळे पारखायला वेळ लागतो. तक्रार म्हणून एवढीच. एकट्याची खोली, स्वतःच्या हातचा वरणभात, वर्षातून दोनदा घर, यातलं काही त्यांनी कधी लिहिलं नाही. निदान वहिनींनी मला वाचून दाखवलं नाही.

अकरा वर्षांनी ते निवृत्त होऊन परत आले. मी त्यांना टाळत राहिलो. मग थंडीतल्या एका सकाळी मी सगळं सांगून टाकायचं ठरवून घराबाहेर पडलो, आणि ते मला पडावावरच दिसले. एका ठेल्याजवळच्या बाकावर ते आणि वहिनी बसले होते. वहिनी बेडई खात होत्या, आणि ते काही न विचारता त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली. वहिनी पाणी प्यायला नळावर गेल्या, तेवढ्यात मी सगळं बोलून टाकलं. अकरा वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती, ती मिनिटभरातच संपली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "मी बोललो असतो तर माझी बदली टळली असती. तुझी नोकरीच गेली असती. साहेबासमोर खोटं, तेही कच्च्या नोकरीत. लग्न मोडलं असतं. मला गाव बदलायचं होतं, एवढंच."

"एवढंच नव्हतं," मी म्हणालो.

"नव्हतं," ते म्हणाले. मग नळाकडे पाहत, "हिला मी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. ती आहे तोवर."

मी कबूल केलं. कबूल करताना मला हलकं वाटलं, हेही लिहायला हवं, कारण गप्प राहायला मला आता त्यांचीच परवानगी मिळाली होती. त्यानंतर तीन वर्षांनी केशवराव गेले. वहिनी पुढे पुष्कळ जगल्या. त्यांना जाऊनही आता सोळा वर्षं झाली, आणि या सोळा वर्षांना माझ्यापाशी कुठलीही सबब नाही.

त्या सकाळी वहिनी नळावरून पदराला हात पुसत आल्या. मला पाहून त्यांना आनंद झाला होता.

"रविवारी या जेवायला, तुम्ही नवराबायको दोघंही," त्या म्हणाल्या. मग केशवरावांकडे वळून, "तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तुम्ही तिकडे होतात ना, तेव्हा माझा सगळा बाजारहाट ह्यांनीच पाहिला. अकरा वर्षं. सख्खा दीर करणार नाही इतकं."

केशवराव माझ्याकडे वळले नाहीत. ते रस्त्याकडे पाहत होते, टांगे येताहेत का ते. दोन टांगे जाऊ दिले. मग त्यांनी वहिनींच्या कोपराखाली हात धरला, "चला," म्हणाले, आणि दोघं मिळून रस्ता ओलांडून गेले.